मंगळवारच्या वर्गात कुणी पडत नाही

४ फेब्रुवारी

माझ्या खारूला,

आधी खाली बस. एका हातात चहा धरून उभ्या उभ्या पत्र वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. बसलीस? आता ऐक. मी शाळेत जायला लागले!

हसू नकोस गं. दुसरीत सुटलेली शाळा आता शहात्तराव्या वर्षी पुन्हा धरली. कोपऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात खालची मोठी खोली आहे ना, बाळांना टोचतात ती? तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो. विषय काय, तर न पडणं! म्हटलं, हा विषय मला मागच्या वर्षी कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं. बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि बल्बाच्या आधी मीच खाली आले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. उताण्या झालेल्या झुरळासारखी सकाळभर स्वयंपाकघरात छताकडे बघत पडले होते. फोन वाजत होता तो ऐकत होते. शेजारची शिवणवाली दुपारी चाळणी परत करायला आली तेव्हा सुटका. (ती चाळणी तिने चार महिने ठेवून घेतली होती, पण तेव्हा काही बोलले नाही.)

तेव्हापासून तुझ्या बापाचं फर्मान तुला पाठच आहे: "आणखी एकदा पडलीस की घराला कुलूप, आणि तू आमच्याकडे." त्याचं काही वाईट नाही. पण त्याच्या त्या इमारतीत लिफ्टमध्ये माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहतात. इथे मी नुसती दारात उभी राहिले तरी चार जण विचारतात, आजी कुणाची वाट बघताय? मला नाही यायचं. म्हणून पडायचंच नाही. म्हणून हा वर्ग.

आम्ही सतरा जण आहोत. शिकवायला एक सिस्टर आहे, तुझ्यापेक्षा जेमतेम पाचसहा वर्षांनी मोठी. गळ्यात सेकंदाचं घड्याळ लटकवून फिरते, म्हणून तिचं नाव घड्याळ सिस्टर. खुर्चीतून उठायचं, खडूच्या रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि ही बया घड्याळ दाबून उभी. पहिल्या दिवशी मला बावीस सेकंद लागले. बावीस! शिवणवालीला सतरा. तिचं नाक दोन दिवस आभाळात होतं.

आणि सगळ्यात भारी धडा म्हणजे जमिनीवरून उठायचं कसं. सिस्टर म्हणाली, "आजी, पडणं कधी चुकतं, कधी चुकत नाही. पण उठणं आपल्या हातात आहे." मग आम्हाला चटयांवर आडवं केलं. सतरा म्हातारी माणसं ओळीने जमिनीवर! पोस्टमास्तर (रिटायर झाले, पण अजून सगळ्यांच्या पत्त्यांची चौकशी करतात) म्हणाले, "आम्हाला टपालाचे शिक्के मारा आणि पाठवून द्या."

महिन्याच्या शेवटी चिठ्ठी भरायची असते. "या महिन्यात पडलात का? हो की नाही." मी नाहीवर खूण केली. छाती फुगवून.

तुझी विद्यार्थिनी आजी


१६ फेब्रुवारी

शाळकरी आजीस,

बसूनच वाचलं. चहा खाली ठेवून. बाबांना फोनवर वर्गाचं सांगितलं तर म्हणाले, "चांगलं आहे, पण नियम तोच." त्यांचं म्हणणं मी तुझ्यावर लक्ष ठेवायचं आणि काही झालं तर लगेच त्यांना कळवायचं. म्हणजे मी तुझी नात कमी आणि हेर जास्त.

माझ्याकडे नवीन काही नाही. बसडेपोच्या ऑफिसात बसून कोणत्या थांब्यावर किती लोक चढले ते तक्ते जुळवते. माझ्याबरोबर खोलीत राहते ती मैत्रीण म्हणते, तुझ्या आजीचं आयुष्य तुझ्यापेक्षा मजेचं आहे. खरं आहे. आता किती सेकंद लागतात?

तुझी खारू


२० मे

खारे,

तेरा! तेरा सेकंद! आणि शिवणवाली पंधरा. माझी पाळी आली नाक वर करायची.

पण त्याहून मोठी बातमी या पाकिटात आहे. जपून काढ, दुमडू नकोस. आरोग्य केंद्राचं वर्षाचं पुस्तक निघतं, पिवळ्या कागदाचं, वर्षभरात काय काय केलं ते सगळं त्यात असतं. किती पोरांना टोचलं, किती घरांतलं पाणी तपासलं, किती हॉटेलांच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडली, किती जणांना कुत्रा चावला. (अठ्ठावन्न! त्यातला एक आमचे पोस्टमास्तर. आयुष्यभर कुत्र्यांना चुकवलं आणि रिटायर झाल्यावर चावून घेतलं.) तर त्या पुस्तकावर पहिल्या पानावर कोण आहे बघ. बघितलंस? मी! मधे घड्याळ सिस्टर, बाजूला सगळे, आणि पुढे उजवा हात वर केलेली तुझी आजी. आत बाराव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, मी चष्मा पुसून पुसून वाचलं, आणि चुकलं असेल म्हणून पोस्टमास्तरांकडून पुन्हा वाचून घेतलं: "न पडण्याच्या वर्गात सुरुवातीपासून एकही व्यक्ती पडली नाही." एकही नाही! मागच्या वर्षी आमच्या भागात बावीस जण पडले होते, सहा जणांची हाडं गेली होती.

सिस्टर ते पान हातात घेऊन अशी नाचली की घड्याळ तिच्याच हनुवटीवर आपटलं. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारून गेल्या. पोरीचे डोळे भरून आले. म्हणाली, "आजी, हे तुमच्यामुळे." आम्ही सगळे खाली बघत राहिलो. लाजलो हो.

तुझ्या बापाला एक प्रत पाठवलीय. बघू दे त्याला.

पुस्तकावरची आजी


२८ मे

आजी,

फोटो आमच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलाय. मैत्रिणीने सगळ्या ऑफिसला दाखवला. मी खूप खूश आहे, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू रागावशील.

मेच्या उकाड्यात तू लांब बाह्यांचं स्वेटर का घातलं आहेस? बाकी सगळे घामाने निथळताहेत. आणि तुझा डावा हात पाठीमागे का आहे? तू फोटोत कधी हात लपवत नाहीस. तू फोटोत कधी काहीच लपवत नाहीस.

आणखी एक. सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं. त्यांनी मागची खोली रंगवायला काढली आहे. फिकट निळा रंग. तुझा पलंग कुठे बसेल याचं माप घेऊन खडूने फरशीवर खुणा केल्यात. त्यांना वाटतं आज ना उद्या वेळ येणारच. मला वाटलं तुला माहीत असावं.

हेर


३ जून

चि. खारूस,

स्वेटर मी मला हवं तेव्हा घालते. थंडी वयाला वाजते, कॅलेंडरला नाही. हाताचं म्हणशील तर पाठ खाजत होती. झालं समाधान? पोलिसात जा तू.

निळा रंग मला आवडत नाही, हे बापाला कळव. किंवा नको कळवूस.

इथे आभाळ कोसळलंय आणि तू माझ्या बाह्या मोजतेस. आमचा वर्ग बंद! एक जुलैपासून. मोठ्या डॉक्टरबाईंनी शुक्रवारी येऊन सांगितलं, अगदी गोड शब्दांत. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी कमाल केलीत. इथे आता पडण्याचा प्रश्नच उरला नाही. पण नदीपलीकडच्या वस्तीत एका वर्षात एकतीस जण पडले, आणि तिथे शिकवायला कुणी नाही. सिस्टरला तिकडे पाठवते." या खोलीत मधुमेहवाल्यांचे पाय तपासणार. पायांशी माझं भांडण नाही. पण आम्ही चांगले वागलो याची ही शिक्षा? नापास पोराला शिकवणी आणि पहिल्या नंबराला घरी पाठवणी?

सिस्टरने फडकं उचललं. खडूची रेघ पुसायला घेतली तर शिवणवालीने तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं. "एक जुलै अजून लांब आहे," म्हणाली.

पोस्टमास्तर अर्ज लिहिताहेत. आतापर्यंत तीन वेळा लिहून फाडला.

आजी


९ जून

आजी,

अर्ज लिहू नका. निदान माझं वाचेपर्यंत तरी नको.

आमच्याकडे एक थांबा आहे, दवाखान्यासमोरचा. तीन महिने त्याचा आकडा शून्य आला. साहेब म्हणाले, कुणी चढत नाही, काढून टाका. काढायला माणसं गेली तर थांब्यावर चौदा जण उभे! कंडक्टर दयाळू होता, दवाखान्यातल्या माणसांकडून तिकीट घेत नव्हता. चांगुलपणाने थांबा बुडवत होता बिचारा.

मला तुमचं शून्य बघून तो थांबा आठवला. सतरा म्हातारी माणसं, इतके महिने, आणि एकही पडलं नाही? माझी मैत्रीण सव्वीस वर्षांची आहे, ती या महिन्यात दोनदा पडली.

मी हेर म्हणून विचारत नाही. बाबांना यातलं अक्षरही सांगणार नाही, शपथ. खरं किती जण पडले? आणि तुझा हात कसा आहे?

खारू


१४ जून

खारू बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले.

पडलो. एकेक करून बरेच जण पडलो.

ते असं झालं. सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मागच्या वर्षीचा पडण्याचा बावीसचा आकडा खाली आणायचाय. पोर इतकी मन लावून शिकवते, कुणाला खोकला आला तर घरी येऊन विचारते. मग पहिल्या महिन्यात शिवणवाली मशीनच्या पेडलमध्ये पाय अडकून पडली. बाहेर बाकावर चिठ्ठी भरताना ती म्हणाली, "हो लिहिलं तर पोरीचं तोंड उतरेल गं." मग आम्ही बाकावरच कायदे केले. पलंगावर पडलं तर ते पडणं नाही. गुडघ्यावर आलं तर ते बसणं. भिंतीने धरलं तर ते टेकणं. पोस्टमास्तर गटारात गेले तेव्हा वाद झाला, पण ते म्हणाले की मी जमिनीच्या पातळीखाली होतो, जमिनीवर पडलो असं म्हणता येणार नाही. मंजूर! अशी नाही, नाही, नाही करत आम्ही पाच महिने काढले. ती चिठ्ठ्या मोजायची आणि फुलायची, आणि ती फुलली की आम्ही फुलायचो.

आणि माझं. एप्रिलच्या अकरा तारखेला परसात नळाच्या पाइपात पाय गुंतला आणि मी ओल्या फरशीवर आडवी. डावं मनगट मुरगळलं, म्हणून स्वेटर. पण खारू, थांब, पुढचं ऐक, हे सांगायला मी दोन महिने आतल्या आत उकळतेय! मी पडले आणि पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? काहीच नाही. सिस्टर म्हणते तसं शांत पडून राहिले, पाय हलवून बघितले, डोकं चाचपलं. मग कुशीवर वळले. डाव्या हातावर भार घेता येईना, तर कोपर टेकलं. मग रांगत, हो, तुझी आजी परसात रांगत, नळाजवळच्या ओट्यापर्यंत गेले. ओट्यावर हात, चांगला पाय पुढे, पाऊल सपाट, आणि एक, दोन, तीन... उभी! एकटी! कुणी नाही, दार वाजवायला कुणी नाही, चाळणीवाली नाही. मी उभी राहिले आणि ओल्या कपड्यांनी तिथेच मोठ्याने हसले. असं वाटलं की रस्त्यावर जाऊन प्रत्येकाला थांबवून सांगावं. आणि सांगता येईना! कुणालाच नाही. सिस्टरला सांगितलं तर तिचं शून्य जाणार, तुझ्या बापाला कळलं तर माझं घर जाणार.

आता तूच सांग. गप्प राहिले तर वर्ग गेला. बोलले तर निळी खोली. पाय कुठे ठेवू?

पडलेली आणि उठलेली आजी


१८ जून

आजी,

तू उठलीस ते पान मी मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं. "एक, दोन, तीन"ला ती पण उभी राहिली.

काय करायचं ते मी सांगणार नाही. निळी खोली माझ्यासाठी नाही आणि परसही माझं नाही. एवढंच म्हणते की जे कुणाला सांगता येत नाही म्हणून तू दोन महिने उकळतेस, ते त्या सिस्टरने शिकवलेलं आहे आणि तिलाच माहीत नाही.

बाबांना मी बोललेले नाही.

खारू


२६ जून

खारू,

झालं! सांगून टाकलं. सगळं सांगते, पण क्रमाने, नाहीतर माझीच गाडी रुळावरून उतरते.

सोमवारी मी, शिवणवाली आणि पोस्टमास्तर सिस्टरच्या खोलीत गेलो. ती खोकी भरत होती. मी म्हटलं, "बाळ, आम्ही तुझ्याशी खोटं वागलो." बाकावरचे कायदे सांगितले. मला वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. खोक्याची चिकटपट्टी नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "आजी, मी त्या कागदावर सही केली आहे. मी त्या शून्यावर नाचले." खारू, त्या क्षणी मला दुसरीतल्या बाकाखाली शिरावंसं वाटलं. शिवणवाली रडायला लागली. सिस्टरने आधी तिला पाणी दिलं, मग कपाटातून चिठ्ठ्यांचा कोरा गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. "सगळ्यांकडून पुन्हा भरून आणा. गटारासकट."

आणल्या. चौदा वेळा पडलेलो! पोस्टमास्तरांचे एकट्याचे तीन.

बुधवारी वरच्या हॉलमध्ये वर्षाची सभा होती, ज्याला यायचं त्याने यावं अशी. मोठ्या डॉक्टरबाई पिवळं पुस्तक वाचत होत्या. टोचलेली पोरं झाली, पाण्याच्या बाटल्या झाल्या, कुत्रे झाले. बारावं पान आलं. सिस्टर उठणार तोच मी उठले, कारण चूक आमची होती. उठताना पदर खुर्चीत अडकला, वाटलं आताच पंधरावं पडणं होतंय. म्हटलं, "बाई, ते पान खोटं आहे. आम्ही चौदा वेळा पडलो. सिस्टरला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही लपवलं."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी मोजली असती. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्या काही कठोर नाहीत, पण सरळ आहेत. म्हणाल्या, "चौदा वेळा पडलात, तर मग वर्गाचा उपयोग काय झाला?"

आणि मला एकदम कळलं की याचं उत्तर फक्त माझ्याकडे आहे! म्हटलं, "मागच्या वर्षी मी पडले तेव्हा सकाळभर पडून होते. या वर्षी पडले आणि चहा उकळायच्या आत उठले. माझी मी." मागून शिवणवाली ओरडली, "मी पण!" मग एकेक जण, "मी पण, मी पण." सिस्टरने चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. चौदातल्या तेरा वेळा माणसं आपली आपण उठली होती, हाड एकाचंही मोडलं नव्हतं. चौदावी वेळ म्हणजे गटारातले पोस्टमास्तर, त्यांना दोघांनी वर ओढलं. ते म्हणाले, "गटारातून उठायचा धडा झालेला नाही, त्याची नोंद व्हावी."

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. म्हणाल्या, "नदीपलीकडच्या एकतीस जणांना मी तरीही सोडू शकत नाही." बरोबर आहे त्यांचं. त्यावर सिस्टर म्हणाली, "मंगळवार इथे ठेवा, शुक्रवार तिकडे. आणि शुक्रवारी मी एकटी जाणार नाही." आणि आमच्याकडे बोट दाखवलं! आता मी आणि शिवणवाली दर शुक्रवारी केंद्राच्या गाडीतून नदीपलीकडे जाणार, जमिनीवर पडून दाखवायला. लोकांना उठायला पगार मिळत नाही, मला पडायला गाडी मिळते!

चिठ्ठीवर आता दुसरा प्रश्न पण छापणार आहेत: "स्वतः उठलात का?"

एवढं सगळं चारचौघांत सांगितल्यावर तुझ्या बापापासून काय लपवायचं? त्याला काल कार्ड टाकलं. अकरा एप्रिल, नळ, पाइप, मनगट, सगळं लिहिलं. पेटीपाशी जाऊन दोनदा परत फिरले होते. पण तोंड बंद करून आणखी एक दिवस काढला असता तर फुटले असते.

आजी


१ जुलै

आई,

कार्ड मिळालं. मंगळवारी सकाळी पोचतो. एक बॅग भरून ठेव, बाकीचं सामान नंतर नेऊ. खोली तयार आहे. मी रागावलेलो नाही.

बाळ


९ जुलै

खारू,

येऊन गेला तुझा बाप.

बॅग मी भरली होती, हे आधी सांगते. नियम म्हणजे नियम. दोन कपडे, चष्म्याचं घर, तुझी पत्रं. पण पठ्ठ्याने मंगळवार निवडला. दहा वाजले तरी त्याचा पत्ता नाही, मग मी बॅग पायरीवर ठेवून, दारावर चिठ्ठी लावून वर्गाला गेले. अर्ध्या तासाने बघते तर बॅग हातात घेऊन वर्गाच्या दारात उभा, घामाघूम, चेहरा लहानपणी शाळेत डबा विसरला की व्हायचा तसा.

"आई, चल."

सिस्टर म्हणाली, "आत या. बूट बाहेर."

 मी मधल्या चटईवर गेले आणि आडवी झाले. सरळ पाठीवर. त्याच्या हातातली बॅग खाली पडली, पुढे धावला, तर सोळा म्हाताऱ्यांनी एका आवाजात दरडावलं, "हात लावायचा नाही!" पंचावन्न वर्षांचा माणूस जागच्या जागी थिजला. मी कुशीवर वळले, हात टेकले, रांगले, खुर्ची धरली, पाय पुढे, एक, दोन, तीन, उभी. सिस्टरने घड्याळ दाबलं. "एकोणचाळीस सेकंद!" टाळ्या पडल्या.

तुझा बाप टाळ्या वाजवत नव्हता. चटईकडेच बघत होता. मग काय मनात आलं, कुणास ठाऊक, पँट सावरली आणि स्वतः आडवा झाला. म्हणाला, "मला बघू दे." आणि खारू, त्याला उठता येईना! ते पोट, ते ऑफिसात बसून आखडलेले गुडघे! शिवणवाली म्हणाली, "कुशीवर वळा हो साहेब, कासवासारखे काय हात मारताय?" पोस्टमास्तर म्हणाले, "पार्सल जड आहे." सगळी खोली हसत होती, तो पण हसत होता, आणि हसता हसता त्याचा आवाज बदलला. मी जवळ जाऊन खाली बसले.

छताकडे बघतच म्हणाला, "आई, त्या दिवशी फोन मी केला होता. नऊ वेळा. तेव्हापासून तू फोन उचलायला जरा उशीर केलास तरी मला तू तिथेच पडलेली दिसतेस. वर्षभर रोज पडतेस तू माझ्या डोळ्यांसमोर. आणि एकदाही उठत नाहीस."

 त्याच्या केसांवरून हात फिरवला, विरळ झालेत गं. मग म्हटलं, "आता बघितलंस ना उठताना? चल, कुशीवर वळ."

एक मिनिट दहा सेकंद लागले त्याला. सिस्टरने फळ्यावर लिहिलं. सगळ्यांत शेवटचा नंबर.

संध्याकाळच्या गाडीने एकटाच गेला. बॅगेतले कपडे त्यानेच माझ्या कपाटात परत ठेवले, घड्या वेड्यावाकड्या घालून. जाण्याआधी परसातला पाइप गुंडाळून भिंतीवर टांगला, शिवणवालीकडे किल्ली दिली. आणि नियम बदलला. दारात उभं राहून म्हणाला, "पडलीस तर मला लिहायचं. लपवायचं नाही. पण आई, आधी उठल्याचं लिही. पडल्याचं मग."

त्याच्या निळ्या खोलीत मी सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस येईन, पाहुणी म्हणून. मंगळवार धरून नाही.

आजी


२ ऑगस्ट

चि. बाळास,

उठले. माझी मी, खुर्ची धरून, हाडं सगळी जागच्या जागी.

आता सांगते काय झालं ते. शुक्रवारी नदीपलीकडे गाडीतून उतरताना...